भुताच्या पाठीला चेन

हुबळीच्या देशपांडे नगरात पुंडलिक मिरजकरांचं शिलाईचं दुकान आहे. चौतीस वर्षं त्यांनी डॉक्टरांचे एप्रन आणि नर्सचे गणवेश शिवले. मेडिकल कॉलेजला लागलेली पोरं पहिला एप्रन त्यांच्याकडूनच शिवून घेतात, आणि पुढं पोट सुटलं की तोच ढिला करून घ्यायला येतात. काजं-बटणं आणि हातशिलाई बायकोकडे, म्हणजे कौसल्येकडे. दोघं सकाळी उणकलहून एकत्र येतात, संध्याकाळी एकत्र परत जातात, आणि दिवसभर शेजारी बसूनही त्यांचं बोलणं काही संपत नाही.

पुंडलिकरावांना टीव्हीवरची एक कन्नड मालिका फार आवडायची. हॉस्पिटलची. जेवणाचं ताट घेऊन ते साडेआठला समोर बसत.

"बघ, त्या डॉक्टरणीचा उजवा खिसा कसा ओघळलाय," ते सांगत. "स्टेथोस्कोप कोंबून कोंबून असाच होतो. कपडे बघणारा माणूस कामातला आहे."

त्या मालिकेत पेशंट खरंच खोकायचे. शिकाऊ डॉक्टर उभ्या उभ्या डुलक्या काढायचे. पुंडलिकरावांना ती आपल्या गिऱ्हाइकांचीच गोष्ट वाटायची.

दुसऱ्या वर्षी सगळं बिनसलं. डॉक्टरणीला अपघात झाला आणि ती नवाच चेहरा घेऊन परत आली. तिच्या एप्रनला कमरेत टक्स घातलेले, खिसे तर नुसते वरून शिवलेले, आत हात जायला जागाच नाही. मग सासूबाई ऑपरेशन थिएटरात शिरून भांडल्या. मग आयसीयूत साखरपुडा झाला. पुंडलिकराव मुकाट बघत राहिले, घरातलं माणूस वाया जाताना बघावं तसे.

"तीन आठवडे झाले," एक दिवस ते म्हणाले, "एका कॉटवर पेशंट नाही. हॉस्पिटल चालतंय कशावर?"

कौसल्या हसली. तिचं दुःख वेगळं होतं. तिला भुताचे सिनेमे लागत. लहानपणी अळणावरला मामाकडे पडद्यावर एक भुताचा सिनेमा बघून ती दोन दिवस तापानं पडली होती, आणि तेव्हापासून तशी भीती पुन्हा मिळावी म्हणून ती शोधात होती. नवा सिनेमा लागला की रविवारी दुपारच्या खेळाला नवऱ्याला ओढून नेई. दार करकरायचं, मांजर उडी मारायची, आरशात कुणीतरी दिसायचं. कौसल्या जांभया देत बाहेर यायची.

गेल्या वर्षी अशाच एका सिनेमात मोकळ्या केसांचं भूत भिंतीकडे वळलं आणि पुंडलिकराव पुढं वाकले.

"कौसल्या, भुताच्या पाठीला चेन आहे."

तिनं पाहिलं. झग्याला मागं मानेपासून कमरेपर्यंत चेन होती, वरचा हूकसुद्धा लावलेला. दोघांना हसू आवरेना. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. बाहेर आल्यावर मात्र ती रुसली.

"अहो, थोडी तरी भीती वाटत होती. तीही तुम्ही घालवलीत."

त्यानंतर दोन महिन्यांनी डॉ. उत्तरा दुकानात आली. तिचा पहिला एप्रन इथलाच, आता ती एका खाजगी हॉस्पिटलात होती.

"अण्णा, आमच्या स्टाफचं गॅदरिंग आहे. छोटं नाटक करतोय, वॉर्डातल्या भुताचं. एक पांढरा झगा पाहिजे, लांब बाह्यांचा."

"झगा नको," काज करता करता कौसल्या म्हणाली.

"मग काय, अक्का?"

"तुमच्याकडे आता नर्सा कुडता-पँट घालतात. जुनी सिस्टर येऊ दे. पांढरा फ्रॉक, पट्टा, डोक्याला टोपी. तिनं ओरडायचं नाही, केस सोडायचे नाहीत. रोजचं काम करायचं आणि जायचं. ती आता नोकरीत नाही, हे बघणाऱ्यांना आपोआप कळेल."

उत्तरानं हातावरून हात फिरवला. "मला आत्ताच काटा आला," ती म्हणाली.

जुन्या फ्रॉकचं कागदी कटिंग पुंडलिकरावांनी माळ्यावरून काढलं. चार दिवसांत गणवेश तयार झाला. पण भूत होणारी मुलगी तालमीत प्रत्येक वेळी हसायची. शेवटी उत्तरा म्हणाली, "अक्का, तुम्हीच करा." कौसल्या आढेवेढे घेईल असं पुंडलिकरावांना वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "बूट कुठले घालू?"

रविवारी दुपारी हॉल भरला होता. रंगमंचावर एक कॉट, तिच्यावर पेशंट होऊन झोपलेला वॉर्डबॉय. कौसल्या ट्रे घेऊन आत आली. चादरीचं टोक खोचलं, कॉटला लटकवलेला तक्ता वाचला, पेशंटच्या कपाळावर हात ठेवला. मग सावकाश प्रेक्षकांकडे पाहिलं, जणू कोण झोपलंय आणि कोण जागं आहे ते मोजतेय. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

पहिल्या रांगेत पाहुण्या म्हणून निवृत्त मेट्रन जयलक्ष्मीबाई बसल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढचं. त्या खुर्चीचे हात धरून उठल्या आणि वॉर्डात वरिष्ठ राउंडला आल्यावर उभं राहावं तशा ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठोपाठ चार-पाच नर्साही उभ्या राहिल्या. कौसल्या आत निघून जाईपर्यंत कुणी बसलं नाही.

विंगेत पुंडलिकराव दोन पावलं मागं सरले होते. प्रत्येक टीप त्यांनी स्वतः मारली होती, तरी.

"मी घाबरलो," ते म्हणाले.

"तुमचं बरं आहे," कौसल्या म्हणाली. "मला भूत दिसलंच नाही. मी त्याच्या कपड्यांत होते ना."

नंतर जयलक्ष्मीबाई तिला भेटल्या, तिचा हात बराच वेळ धरून बसल्या. "आमच्या मोठ्या सिस्टर अशाच चालायच्या," एवढंच म्हणाल्या.

कपडे बदलायच्या खोलीत गर्दी होती, म्हणून कौसल्येनं गणवेशावरच शाल घेतली आणि दोघं बसमध्ये चढली. टोपी काढायची राहिली. शेजारच्या बाईनं तिच्याकडे पाहिलं आणि पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"सिस्टर, ही कधी घ्यायची?" तिनं कन्नडमध्ये विचारलं.

"मी सिस्टर नाही हो," कौसल्या म्हणाली.

बाईला ते पटलं नाही. तिनं पाकीट तसंच पुढं धरलं. कौसल्येनं चष्मा लावला. औषधाच्या दुकानदारानं पाकिटावर पेनानं लिहिलं होतं, ते तिनं दोनदा वाचून खात्री केली.

"रात्री, जेवल्यावर. एकच," ती म्हणाली. "आणि जेवण चुकवू नका."

बाईनं मान डोलावली आणि पाकीट जपून पिशवीत ठेवलं.