उरलेली तीन वाक्यं

ओबुयाला मरायला अर्धा तासही लागला नाही. भर दुपारी, बाजारात, सगळ्यांच्या देखत त्याला ठेचलं, आणि त्याची सुरुवात अदोयोच्या एका शब्दाने झाली.

अदोयो किसुमू शहराच्या पुढे, सरोवराकाठच्या बाजारात मासे तळायची. चांगलं मांस कारखानेवाले काढून घेतात, आपल्या वाट्याला म्बुटा माशाचे सांगाडे येतात. ते कडकडीत तळून विकणाऱ्या बायकांत हिचा आवाज सगळ्यांत मोठा. चाळिशी उलटलेली, विधवा, जिभेने तिखट. माहेरच्या गावावरून सगळे तिला न्यार साकवा, साकवाची लेक, म्हणायचे. त्या दुपारी तिला फोन सापडेना. झग्याच्या खिशात नाही, कमरेच्या फडक्यात नाही. समोर उभा होता ओबुया, जाळी दुरुस्त करणारा, तिशीचा, मुखदुर्बळ माणूस. ती ओरडली, "चोर! धरा त्याला!"

दहा पावलांवर मोटारसायकलवर माणसं वाहणाऱ्यांचा अड्डा. तिथले गडी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत आले. त्या अड्ड्याचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात: चोराला हात सगळ्यांनी लावायचा. ज्याने मारलं नाही तो उद्या साक्षीदार होतो. लोखंडी पहारीने आधी ओबुयाचे गुडघे फोडले. मग अड्ड्याचा मुकादम ओग्वेनो याने तिच्या हातात दगड ठेवला.

"फोन तुझा ना मावशे? मग मार. उगाच बघत उभी राहू नकोस."

तिने मारला. कानावर बसला. ओबुयाने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, मी मासे घ्यायला आलो होतो." त्यापुढे त्याला बोलता आलं नाही. पिठाच्या गिरणीमागे नेऊन त्याच्या गळ्यात टायर घातला आणि पेटवला. मांस जळाल्याचा वास माशांच्या तेलात मिसळला, आणि आमच्या बाजाराने नाक मुरडून आपापलं गिऱ्हाईक सांभाळलं. धूर निघत होता तेव्हाच अदोयोने घमेल्यातला ओला कागद उचलला. खाली माशांमध्ये फोन पडला होता.

अकरा दिवस ती गप्प राहिली. बाराव्या दिवशी तिच्या पंथाच्या बिशपकडे गेली. हा आपला आपणच बिशप झालेला, पण आवाज भारदस्त होता. त्याने तिला गुडघ्यांवर बसवलं, डोक्यावर हात ठेवला, बायकांनी ढोल वाजवले, आणि तीन मिनिटांत काम संपलं.

"झालं लेकी. रक्ताने धुऊन निघालीस."

"कुणाच्या रक्ताने?" अदोयोने विचारलं. "मला तर एकाच माणसाचं रक्त दिसतंय."

"शब्दांत अडकू नकोस. देवाने विसरून टाकलं, तू कशाला उकरतेस? आणि बाहेर कुठे बोलू नकोस. अड्ड्यावरची पोरं आपलीच आहेत, दर रविवारी येतात."

तिला संताप आला. ज्या बोटांनी दगड मारला होता, त्याच बोटांनी तिने पंथाचा पांढरा झगा काढून बिशपच्या पायाशी टाकला आणि आतल्या परकरावर, उघड्या दंडांनी, बाजारातून घरी गेली. लोक हसले. एका शेजारणीने दुसरा पंथ सुचवला, दुसरीने डोंगराकडचा एक देवऋषी. "तो कोंबडा कापतो, पाप कोंबड्यावर जातं," ती म्हणाली.

"कोंबड्याने काय केलंय गं?" अदोयो म्हणाली, आणि विषय मिटला.

मग तिने आपलं आपणच सुरू केलं. पहाटे तेल तापवायच्या आधी ती गिरणीमागच्या काळ्या पडलेल्या जमिनीवर जायची, उभी राहायची, आणि काय केलं ते मोठ्याने सांगायची. गाणं नाही, मेणबत्ती नाही, माफी मागणंही नाही. आधी हे सांगणं लांबलचक होतं. ऊन फार होतं. आदल्या आठवड्यात शेजारणीचा फोन गेला होता. मी एकटी बाई. दगड मुकादमाने हातात दिला. सांगून झालं की तिच्या लक्षात यायचं, आपण इथेही मासे विकतोय, गिऱ्हाईकाला पटवतोय. मग तिने एकेक कारण काढायला घेतलं, माशाचं पोट साफ करतात तसं. ऊन एका आठवड्यात निघालं. एकटेपणाला दोन महिने लागले, ते काढताना ती जमिनीवर डोकं आपटून रडली. मुकादमाचा दगड तर निघता निघेना. दिला त्यानेच होता, खोटं काय त्यात? पण फेकला कुणी? कधी कधी ती स्वतःच्याच थोबाडीत मारायची, मग तेही सोडून दिलं. मारून घेतल्यावर बरं वाटायचं, आणि बरं वाटण्यासाठी ती तिथे येत नव्हती.

वर्ष उलटलं तेव्हा तीन वाक्यं उरली. मी चोर म्हटलं. फोन माझ्याच घमेल्यात होता. दगड मी मारला. शांती वगैरे काही मिळाली नाही. पण पाठीचा कणा सरळ झाल्यासारखं तिला वाटे, आणि हे तिला कुठल्याच ढोलाने दिलं नव्हतं.

अड्ड्याच्या कानावर हे जाणारच होतं. एका सकाळी ओग्वेनो आला आणि त्याने लाथेने तिची कढई उलटवली. उकळतं तेल तिच्या डाव्या पावलावर सांडलं. कातडी मोज्यासारखी सुटली.

"रोज उठून काय पढतेस तिथे? तो चोर नव्हता म्हणजे आम्ही कोण?" तो तिच्या तोंडावर ओरडला.

"मी तुझं नाव घेतलं का रे?" ती दात आवळून म्हणाली.

"घ्यायला कशाला पाहिजे? तू ‘मी’ म्हणालीस की सगळा अड्डा उघडा पडतो. पुढच्या वेळी तेल डोक्यावर ओतीन, मावशे. बायकोची शप्पथ."

दुसऱ्या पहाटे पायाला चिंधी गुंडाळून, काठी टेकत ती गेलीच. पण त्या दिवशी बाजारात जाळ्यांचा दोरा विकणारी एक म्हातारी तिच्या चुलीपाशी बसली आणि बोलता बोलता म्हणाली, "ओबुयाची आई, आपोंदी, माझ्या माहेरची. पोराला त्यांनी कुंपणाबाहेर पुरलं बघ. चोराला घरच्या अंगणात पुरायचं नाही म्हणाले भाऊबंद. मयताचा ढोल नाही, मयतापुढे गुरं हाकली नाहीत, कुणी रडायचं नाही. आई असून तिला रडू दिलं नाही. तेरा महिने बाई कोरडी आहे. डोळे बघवत नाहीत."

अदोयोच्या हातातला झारा खाली पडला. वर्षभर ती जमिनीला सांगत होती. जमीन कोयता उचलत नाही. सगळी कारणं काढली असं तिला वाटत होतं, आणि सगळ्यात मोठं कारण, ही मुकी जमीनच, तर ती पायाखाली घेऊन उभी होती. तिला स्वतःची किळस आली, मग भीती वाटली. तिने चूल विझवली.

पुढच्या सकाळी ती गच्च भरलेल्या मटाटू गाडीतून गेली, आणि शेवटचे दोन मैल लंगडत चालली. ओबुयाच्या घराभोवती निवडुंगासारख्या चिकाच्या झाडांचं दाट कुंपण होतं. बाहेर, गुरांच्या वाटेवर, एक उंचवटा. त्यावर शेळ्या चरत होत्या. आत अंगणात थोरला भाऊ ओजवांग कोयत्याने लाकडं फोडत होता, आणि दारात एक वाळलेली बाई ज्वारी निवडत बसली होती.

"कोण गं तू? काय पाहिजे?" ओजवांगने विचारलं.

"बाजारात मासे तळते मी. अदोयो." येताना वाटेत तिला दहा नवी वाक्यं सुचली होती, सगळी चांगली होती. तिने ती गिळली. "मी चोर म्हटलं. फोन माझ्याच घमेल्यात होता. दगड मी मारला."

ओजवांगला समजायला क्षणभर लागला. मग त्याने कोयत्याच्या पात्याचा सपाट भाग तिच्या तोंडावर मारला. दोन दात तुटून जिभेवर आले. ती पडली. त्याने जाड लाकूड उचललं आणि तिच्या खांद्यावर हाणलं, हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या अंगणात गेला असेल. हात वर करायचे नाहीत असं तिने ठरवलं होतं, पण अंग कुणाचं ऐकतं? दोन्ही हात डोक्यावर गेले. तो बोटांवर मारत राहिला.

"परत बोल!" तो किंचाळला. "वर्षभर आम्ही मान खाली घालून फिरलो. माझ्या पोरीचं लग्न मोडलं, चोराचं घर म्हणून. बोल परत!"

तिने बोलायचा प्रयत्न केला. तोंडातून रक्ताचे बुडबुडे आले. ती थुंकली आणि तिने तीच तीन वाक्यं सांगितली, तुटक, पण न बदलता. त्याने कोयता या वेळी धारेने वर उचलला.

"थांब." दारातली बाई उठली होती. आपोंदी जवळ आली, वाकली, अदोयोच्या तोंडाशी कान नेला. "फोन कुठे होता म्हणालीस?"

"माझ्या घमेल्यात, आई. ओल्या कागदाखाली."

"माझ्या लेकाने घेतलाच नव्हता?"

"नाही. तो मासे घ्यायला आला होता. तसं म्हणाला मला."

आपोंदीने मान वर केली. "ओजवांग, ऐकलंस?"

कोयता हवेत तसाच होता. अदोयोने डोळे मिटले आणि मानेवर घाव बसायची वाट पाहिली. घाव बसला तो भलतीकडेच. ओजवांग वेड्यासारखा कुंपणावर तुटून पडला होता, फांदीमागून फांदी तोडत, पांढरा चीक तोंडावर उडत होता, आणि तो भावाला शिव्या देत होता, का गेलास, माशांसाठी का गेलास, म्हणून. कुंपणाला भगदाड पडलं. पलीकडे उंचवटा दिसायला लागला. शेळ्या पळाल्या.

त्या भगदाडातून आपोंदी धावली. दोन्ही हात डोक्यावर घेऊन, मातीवर पडून, तिने टाहो फोडला. "ओबुया! माझ्या जाळी विणणाऱ्या! तू चोर नव्हतास रे!" शेजारच्या घरांतून बायका बाहेर आल्या, ऐकलं, आणि त्याही डोक्यावर हात घेऊन पळत आल्या.

अदोयोला उचलायला कुणी आलं नाही. अंगणात पडल्या पडल्या तिच्याही पोटातून हुंदका वर आला, मोठा, वर्षाचा साठलेला. तिने तो ओठांतच दाबला. हे रडणं त्यांचं होतं.