चोथ्याचं पाणी

यंदाच्या थंडीत घरात सर्दी शिरली, ती जायचं नावच घेईना. आधी नवऱ्याला, मग सासूबाईंना, मग मुलीला. मी शाळेत शिकवते. पाथर्डीहून एसटीने जायचं, चौथीच्या पोरांपुढे दिवसभर घसा फोडायचा आणि आल्या आल्या काढा ठेवायचा. कुंपणाच्या अडुळशाची पानं, मोरीमागचा गवती चहा, सुंठ, मिरी, गुळाचा खडा. पाणी निम्मं आटेपर्यंत मी ओट्याला टेकून उभी. नवरा दोन घोट घेऊन "आज कडू झालाय" म्हणायचा. म्हणेना का बापडा.

आमच्याकडे काढा दोनदा उकळतो. पहिलं पाणी गाळून सगळ्यांना. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी घालून जे उकळतं, ते करणारीचं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "पयलं पानी घरातल्यांला. आपल्याला काय, चोथ्याचं बी चालतंय." त्याही जन्मभर तेच प्यायल्या होत्या. मी वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात जीव लागतो. ते फिक्कं पाणी मी अठरा वर्षं मुकाट्याने पीत आले.

मग माझा आवाजच बसला. वर्गात तोंड उघडलं तर नुसती हवा. शिकवणाऱ्या बाईचा आवाज गेल्यावर तिच्याकडे उरतं काय? घरी येऊन आडवी झाले. खरं सांगते, तेव्हा एकच वाटत होतं, कुणीतरी मला पहिल्या पाण्याचा काढा करून द्यावा. मागायची मात्र लाज वाटली.

नववीतली लेक न सांगता उठली. तिने काढा केला, आजीला दिला, बापाला दिला आणि भरलेला पेला माझ्या हातात आणून ठेवला. दाट, तिखट, पहिलं पाणी. घशाखाली उतरलं तसे डोळेच भरून आले. एका दमात सगळा पिऊन टाकला.

आत ती शिंकत होती. तिची सर्दी अजून गेली नव्हती. उठून पाहिलं, तर गॅसवर तेच पातेलं, तोच चोथा आणि त्यावर नवं पाणी.

"हे कुणासाठी?" मी बसक्या आवाजात विचारलं.

"मला. करणारीचा असाच असतो ना?"

सासूबाईंचा राग येईना, माझाच आला. माझ्यातला अर्धा तरी तिला द्यावा म्हणून मागे वळले, तर पेला रिकामा होता.