मसुराला पाणी

इस्लामपूरच्या रस्त्यावर आमचा धाबा आहे. अख्खा मसूर खायला पुण्या-मुंबईच्या गाड्या थांबतात. बोटं चाटत लोक म्हणतात, ही चव इथल्या मातीची. मी ताटं उचलत ऐकून घेते. मसुराची पोती मध्य प्रदेशातून येतात. इथल्या मातीत ऊस असतो. नवरा म्हणतो, जेवत्या माणसाचा समज मोडू नये.

मी एकुलती एक. अब्बा गेल्यावर विट्याजवळची त्यांची मुरमाड जमीन माझ्याकडे आली. वाटलं, एकदा तरी गिऱ्हाइकांचं बोलणं खरं करावं. धाब्याच्या पोत्यातलेच टपोरे दाणे निवडले आणि दिवाळीच्या सुमारास होती तेवढ्या ओलीवर पेरले.

मसूर मला आवडला, कारण तो काही मागत नाही. आठवड्यातून एकदा एसटीनं जायचं, तण काढायचं, परत यायचं. वीतभर झाडं थंडीच्या दवावर तरारली, बारीक पांढरट फुलंही धरली.

शेजारचं रान आण्णांचं. ते अब्बांचे जुने मित्र. उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून त्यांनी ऊस धरलाय. माझी कोरडी जमीन बघून ते दर खेपेला हळहळायचे, पाणी देतो म्हणायचे. मी सांगायचे, याला पाणी नको, दिलं तर मरेल. आजारी माणूस ‘बरा आहे’ म्हणाल्यावर आपण डोलावतो, तशी ते मान डोलवायचे.

मग लग्नसराई आली. धाब्यावरून दोन आठवडे हलता आलं नाही. गेले तेव्हा खालचं अर्धं रान चिखलात उभं होतं. झाडं पिवळी पडलेली, एक उपटून पाहिलं तर मूळ काळं. बांधावर आण्णा खुशीत उभे होते. उसाच्या वाट्याचं पाणी त्यांनी दोनदा पाईपनं माझ्या रानात सोडलं होतं.

"पोरी, तुज्या बापानं माझ्या बांधाला बांध लावून जन्म काढला," ते म्हणाले. "त्याचं रान वाळताना मला बघवंना."

माझ्याकडे बोलण्यासारखं बरंच होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी "लय उपकार झालं, आण्णा" एवढंच म्हणाले. परतताना एसटीत डोळ्याला पाणी आलं आणि हसूही. त्या रानातली किती पिकं पाण्यावाचून गेली होती. पाण्यानं गेलेलं हे पहिलंच.

वरच्या उताराला पाणी चढलं नव्हतं, तेवढा मसूर वाचला. काठीनं झोडपून, सुपानं पाखडून दोन डबे भरले. एक डबा धाब्यावर शिजवला. दाणा बारीक, शिजायला जरा जास्त वेळ लागला. त्या दिवशी दर रविवारी येणारे एक निवृत्त सुभेदार जेवायला होते. दोन घास खाऊन त्यांनी मला बोलावलं.

"वहिनी, आज मसूर भायेरचा हाय वाटतं. आपला न्हेमीचा हितलाच आणत जावा."

नवरा तोंड फिरवून भटारखान्यात गेला. मी म्हटलं, आणते.

दुसरा डबा आण्णांना नेऊन दिला, खायला म्हणून. त्यांनी तो खाल्ला नाही. या वर्षी आपल्या माळाच्या तुकड्यात पेरला, उगवला तसा मला फोन केला आणि पहिलं पाणी कवा द्यायचं ते विचारलं. मी नवऱ्याला गल्ल्यावर बसवलं आणि विट्याची एसटी पकडली.