काळ्या कुणग्यातला नत्र

अन्वी, रोहन, काल तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, कुंड्यांसाठी पीट आणलंय, इतकं काळं आहे, तरी खत घालायचं?" घाला, थोडं. पिशवीतलं पीट शेवाळाचं असतं, त्यात नत्र मुळातच कमी. पण सगळं पीट तसं नसतं. मध्येच लाइन तुटली, म्हणून पुढचं लिहून पाठवते.

माती परीक्षण लॅबमधून निवृत्त व्हायच्या आदल्या पावसाळ्यात मी गोव्यात पेडण्याला एका कुणग्याच्या, म्हणजे भाताच्या लहान शेताच्या, बांधावर उभी होते. शेत सावित्रीबायचं. लावणी झालेली. तिचा मुलगा भिकू सुर्ल्याला खाणीवर टिपर चालवायचा. तो युरियाची गोणी घेऊन आला होता.

"मॅडम, दरवर्षी भात पिवळं पडतं. औंदा पॉवर टिलर उतरवायला चर मारून शेत सुकवलं. आता युरिया मारतो, मग बघा."

"मारू नकोस. मातीच्या रिपोर्टमध्ये नत्र भरपूर आहे."

"मग पिवळं कसं पडतं?"

माती हातात घेतली तर स्पंजासारखी, आत अर्धवट कुजलेली मुळं. हेच पीट. नत्र त्या कुजक्यात अडकलेला असतो. मातीतले जिवाणू तो सोडवतात, पण त्यांना हवा लागते. माशांसाठी इथे वर्षभर झऱ्याचं पाणी अडवायची रीत, त्यामुळे जिवाणूंचं काम मंद. यंदा शेत सुकलं, हवा शिरली, वर पाऊस पडला. आता साठलेला नत्र भराभर सुटणार होता.

"युरिया घातलास तर भात माजेल आणि लोळेल," मी म्हटलं.

सावित्रीबाय बांधावर आमच्याजवळ आली. भात तिच्या सासूकडून आलेलं, उंच वाढणारं, लाल. वाड्यावर, म्हणजे त्या वस्तीत, दुसऱ्या कुणाकडे ते उरलं नव्हतं.

"बियाणं मागे ठेवलंय?" मी तिला विचारलं.

"नाय गो बाय. होतां तितक्या सगळां पेरलां."

भिकू हसला. "लॅबमध्ये भात पिकतं काय, मॅडम? मुळगावात माझ्या सासऱ्याचं शेत युरियाशिवाय हिरवं होत नाय."

"तिथे खाणीचा गाळ बसलाय. ती माती उपाशी आहे. ही भरल्या पोटाची."

"पोटभर जेवलेल्याक परत वाढलां तर तो ओकतलो मां रे?" सावित्रीबाय म्हणाली आणि गोणीवर बसली.

शेवटी युरिया मारून बघायला रस्त्याकडची एक पट्टी भिकूला मिळाली.

महिन्याभरात सगळं शेत हिरवं झालं. भिकूची पट्टी काळपट हिरवी, बाकीच्यापेक्षा वीतभर उंच. त्याने फोटो पाठवला : "मॅडम, हरलात." गणेशचवथीनंतर वारा-पाऊस आला. पट्टी पाण्यात आडवी झाली, लोंब्यांतच दाणे रुजले. बाकीचं भातही झुकलं, पण कापणीपर्यंत उभं राहिलं.

"औंदा खत जमिनीनंच घातलं म्हणायचं," भिकू म्हणाला.

"दरवर्षी सुकवलंस तर साठा संपेल आणि जमीन खचेल," मी सांगितलं. त्याने चर निम्मा बुजवला.

मातीत किती आहे एवढं कळून भागत नाही, ते कधी सुटेल हेही विचारावं लागतं.

ते लाल भात अजून आहे. सावित्रीबाय आता दरवर्षी त्याचं थोडं बियाणं न पेरता पेंढ्याच्या मुडीत, म्हणजे गोल गाठोड्यात, बांधून ठेवते.