लेकराला जमीन दाखवणारी सिस्टर

"काय सरपंच, दूध पुरतंय का?"

हा प्रश्न सिस्टर पाळण्यातल्या बाळाला विचारायच्या, आईकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मग स्वतःच उत्तर द्यायच्या, "पुरतंय म्हणतोय. पण आईनं सकाळपासून काय खाल्लं न्हाय म्हणतोय." आई चाट पडायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना घरातलं सगळं उंबऱ्यातच कळतं.

सरकारी दवाखान्याच्या या नर्सबाई सास्तूरच्या आमच्या भागात सहा-सात वर्षं घरोघरी लेकरं तपासायला येत होत्या. खुर्ची दिली की तिच्यावर पर्स ठेवायच्या आणि स्वतः फरशीवर फतकल मारून बसायच्या.

माझा मुलगा नऊ महिन्यांचा झाला तरी बसेना. वजन चांगलं, हसणं-ओरडणं जोरात, पण खाली टेकवलं की मागे कलंडायचा. शेजारणीचं त्याच्याहून लहान लेकरू घरभर रांगत होतं. मोबाईलवर वाचून वाचून मी नको नको ते रोग गोळा केले. जावेनं अणदूरच्या खंडोबाला नवस बोलून टाकला. पोरगं कधी चाललंच नाही तर?

सिस्टरांनी त्याचे पाय ढकलून पाहिले, हात धरून बसवलं, पाठीमागे वाटी वाजवली. "पाय तर कसे जोरात झाडतोय! डॉक्टरला एकदा दाखवूच. पण मला सांगा, ह्यो दिवसभर असतो कुठं?"

"कडेवर," मी म्हणाले.

"कुणाच्या?"

खरं सांगायचं तर सगळ्यांच्या. घरात आम्ही आठ माणसं, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला जमिनीला पाय लावू देत नसत. एकाचा हात अवघडला की दुसऱ्याची पाळी. झोपायचाही त्यांच्याच मांडीवर. आम्हाला वाटायचं, केवढे लाड!

"मग बसायला शिकंल कुठं? हवेत? खाली ठेवा त्याला."

आत्याबाईंनी लेकरू घट्ट धरलं. "मी न्हाय ठेवायची."

मला संताप आला. मी तोंड उघडणार तोच सिस्टरांनी मला डोळ्यांनी दटावलं आणि हळू आवाजात विचारलं, "का वो मावशी?"

आत्याबाईंनी लेकराच्या डोक्यावर पदर ओढला. मग म्हणाल्या, "त्र्याण्णवच्या भूकंपात माझी पोरगी खालीच निजवली होती. म्या पाण्याला उठून भाईर गेले. वरचं माळवद, सगळी माती, तिच्यावर आली."

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. ही पोरगी मला माहीतच नव्हती. लाजच वाटली मला माझ्या संतापाची.

आता घरं पक्की आहेत वगैरे काही सिस्टर बोलल्या नाहीत. त्यांनी उठून गोधडी घेतली, अंगणाच्या मधोमध अंथरली आणि हाक मारली, "मावशी, इकडं या. इथं वर काय हाय बघा."

आत्याबाईंनी वर पाहिलं. नुसतं आभाळ होतं.

मग त्यांनी लेकरू खाली ठेवलं. हात मात्र त्याच्या पाठीशी तसाच धरून ठेवला.

डॉक्टरांनीही काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं. रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात गोधडी पडू लागली. पोरगं पालथं पडून लोळलं, कलंडलं, रडलं, आणि एक दिवस ताठ बसून आमच्याकडे बघायला लागलं. मी मोठ्यानं रडले, कुणाची भीड न धरता.

त्यानंतर सिस्टरांची बदली उमरग्याकडे झाली. त्या गेल्या आणि पंधराच दिवसांत पोरगं रांगलं. गोधडी सोडून, अंगण ओलांडून थेट घरात निघालं. मी उचलायला धावले तर आत्याबाईंनीच माझा दंड धरला. "ऱ्हाऊ दे. जाऊ दे त्याला."

मी सिस्टरांना फोन लावला. "रांगला!"

"कुठं? अंगणात?"

"न्हाय. घरात."

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "मावशींना द्या फोन."

"त्यांना कुठला वेळ," मी म्हणाले. "त्या त्याच्या मागं रांगायल्यात."