नाकावरचं नाव

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही, ट्रक आहे. छोटा, पांढरा, दोन्ही अंगांना तिरक्या लाकडी चौकटी बांधलेला. चौकटींना टेकवलेल्या मोठ्या काचांमध्ये समोरचा रस्ता उलटा चालतो आहे: लॉन्ड्री, कुलपं दुरुस्त करणाऱ्याची टपरी, दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी. मागे काचेच्या दुकानाचं अर्धं उघडलेलं शटर. आणि मग दुकानावरच्या जिन्यानं, हातात चहाचा कप घेऊन, आत्याचा प्रवेश होतो. ती ट्रककडे बघत नाही. आधी साऱ्या रस्त्यावर नजर टाकते, कोण कामाला लागलंय नि कोण अजून लोळतंय ते मनात टिपून घेते, आणि मग चालता चालता ट्रकच्या नाकावरचं नाव बाहीनं पुसते. ‘तोरेल’.

ते नाव तिनंच लावलेलं. म्हणजे नेमकं याच ट्रकला लावलं की नाही हे देव जाणे, पण कारखान्यातून जेवढे तोरेल बाहेर पडले, त्यांतल्या बहुतेकांच्या नाकाला तिचाच अंगठा लागलेला होता.

गावाबाहेरच्या त्या ट्रकच्या कारखान्यात ती सगळ्यात शेवटी उभी असायची. इंजिन बसलं, चाकं चढली, रंग वाळला, दारं लागली, की तो बिननावाचा ट्रक सरकत सरकत तिच्यापुढे यायचा. तिच्या डाव्या हाताला एक खोकं, त्यात ‘बास्कर’ नावाचे चकचकीत बिल्ले. उजव्या हाताला दुसरं खोकं, त्यात ‘तोरेल’चे. भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बास्कर, नंतर तोरेल. बस्स. जेवून परत आलं की ट्रकचं घराणं बदललेलं. बिल्ल्याच्या पाठीला डिंक लावायचा, नाकावर बसवायचा, अंगठ्यानं दाबून धरायचा आणि मनातल्या मनात एक बडबडगीत म्हणायचं. गाणं संपलं की अंगठा उचलायचा. घड्याळ बघायची गरज नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून अख्खा कारखाना तिला आत्याच म्हणायचा, साहेबलोकसुद्धा.

पुढे बास्कर एका शोरूममध्ये जायचा, तोरेल दुसऱ्यात. बास्करच्या जाहिरातीत डोंगरमाथा, सोसाट्याचा वारा आणि जबडा आवळून उभा असलेला एक माणूस. तोरेलच्या जाहिरातीत फुलांचा मळा आणि हसणारं कुटुंब. आत्याला त्या बघताना हसू आवरायचं नाही. एकच नट सकाळी राजा होतो आणि दुपारी हवालदार, आणि लोक दोन तिकिटं काढून बघतात, असं ती म्हणायची.

या हसण्यातूनच तिची चूक झाली. नाव लावणाऱ्या बाईलाच होऊ शकते अशी चूक. नात्यागोत्यातलं कोणीही ट्रक घ्यायला निघालं की आधी तिच्याकडे यायचं, आणि ती छातीठोकपणे सांगायची की तोरेल घ्या, लोखंड तेच आहे, नुसत्या नावासाठी कशाला जास्त मोजता? काचवाल्या भाच्यालाही तिनं हेच सांगितलं होतं. तिनं लहानाचा मोठा केलेला पोरगा, तिचा शब्द त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. त्यानं तोरेल घेतला. आणि आत्या खोटं काहीच बोलली नव्हती. लोखंड खरोखरच तेच होतं.

भाचा टेकडीवरच्या नव्या इमारतींना काचा पोचवायचा. त्याची बायको शेजारी बसून आरशातून चौकटीवर डोळा ठेवायची. अलीकडे भाचा कुरकुरायला लागला होता की टेकडी उतरताना ब्रेकचं पेडल मऊ लागतं, दोनदा दाबावं लागतं. आत्यानं त्यालाच झापलं होतं, की बूट बदल, तळ झिजलाय.

मग एके दिवशी समोरचा लॉन्ड्रीवाला सहज सांगून गेला. त्याचा ट्रक बास्कर. त्याला कंपनीतून फोन आला होता की गाडी ताबडतोब घेऊन या, फुकट दुरुस्त करून देतो. पुढच्या चाकापाशी ब्रेकचा पाइप एका पट्टीला घासतो, घासून घासून फाटतो, आणि मग ब्रेक लागतच नाही. तो हे हसत सांगत होता, कारण त्याचा नंबर लागला होता.

आत्यानं चहाचा कप तसाच पायरीवर ठेवला.

तोरेलची शोरूम म्हणजे निम्मं थिएटरच. गुळगुळीत फरशी, वरून प्रकाशाचे झोत, आणि मधोमध गोल व्यासपीठावर तोच ट्रक, नव्या नवरीसारखा. मॅनेजर तरुण, गोड बोलणारा. त्यानं आत्याला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. तिनं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं की तो कानावर हात ठेवेल, दोन्ही गाड्या वेगळ्या म्हणेल, आणि मग ती त्याची चांगली खरडपट्टी काढेल. सगळा संवाद तिनं बसमध्येच पाठ करून ठेवला होता.

पण तो म्हणाला, “काकू, कारखाना एकच आहे, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पाइपही तोच असेल. पण बोलावल्यात त्या बास्करच्या गाड्या. तोरेलबद्दल आम्हाला काहीच कळवलेलं नाही.”

“मग आमचा पाइप घासत नाही का?”

“घासत असेल. पण तसं आमच्याकडे आलेलं नाही ना अजून.”

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो खोटं बोलला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. हा तर मान डोलावून सगळं कबूल करत होता आणि वर आणखी पाणी हवं का म्हणून विचारत होता. तिनं ग्लास त्याच्या टेबलावर असा ठेवला, की व्यासपीठावरचा ट्रक बघायला आलेलं जोडपं मागे वळलं.

घरी येऊन तिनं स्वयंपाकघरातला खालचा खण उपसला. सुऱ्या, दोरे, मेणबत्त्या यांच्या तळाशी बास्करचा एक बिल्ला होता, कारखाना सोडताना मैत्रिणींनी आठवण म्हणून हातात कोंबलेला. ती तो घेऊन खाली गेली. पातळ पात्यानं तोरेलचं नाव अलगद उचकटलं, नाक स्वच्छ पुसलं, बास्करचं नाव बसवलं आणि अंगठा दाबून ओठ हलवत उभी राहिली. भाचा बघतच राहिला. म्हणाला, आत्या, ही फसवणूक झाली.

“इतकी वर्षं पगार घेऊन हेच केलं,” आत्या म्हणाली. “आज फुकट करते. बस गाडीत.”

बास्करच्या वर्कशॉपच्या आवारात पांढऱ्या ट्रकांची ही रांग लागली होती. लॉन्ड्रीवाला दोन गाड्या पुढे होता, त्यानं बिल्ला बघितला आणि शहाण्यासारखा तोंड फिरवून उभा राहिला. आत्या भाचा आणि त्याची बायको यांच्या मध्ये ताठ बसली होती. या सगळ्या नाकांवर माझाच अंगठा आहे, असं तिनं भाच्याला हळूच सांगितलं, तर भाचा म्हणाला, मोठ्यानं बोलू नकोस.

त्यांचा नंबर आला. फोरमन जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला, हात कोपरापर्यंत काळे. तो पुढून आला, नाक बघितलं, मान हलवली. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून दाराच्या चौकटीवरची पत्र्याची पट्टी फडक्यानं पुसली. तिथे गाडीचा क्रमांक आणि नाव ठोकलेलं असतं. ते आत्याचं खातं नव्हतं, तो ठोकणारा वेगळा, कारखान्याच्या रांगेत तिच्या बराच आधी. तिच्या ध्यानातच नव्हतं.

फोरमननं चष्मा खाली घेतला. आवाज न चढवता त्यानं भाच्याला सांगितलं, की ही तोरेल आहे, रांगेतून बाहेर काढा, मागे लोक खोळंबलेत. भाच्याचं तोंड लाल झालं, त्यानं किल्लीला हात घातला. आत्यानं त्याच्या मनगटावर चापट मारली आणि खाली उतरली.

तिनं काही लपवलं नाही. बिल्ला मी लावलाय, म्हणाली, आणि हा पुढचा, तो मागचा, त्यांवरचेही मीच लावलेत. हा सकाळी माझ्यापुढे आला असता तर बास्कर झाला असता. मी जेवून आल्यावर आला म्हणून तोरेल झाला. एवढ्यासाठी याचा ब्रेक फाटू द्यायचा? मागच्या ट्रकांमधून माणसं उतरून जवळ आली होती. फोरमन खाली बघून फडक्याला हात पुसत होता. त्यानं जे सांगितलं ते शोरूमवाल्यापेक्षा वेगळं नव्हतं. मावशी, लोखंड मी ओळखतो, म्हणाला. पण कॉम्प्युटरमध्ये हा क्रमांक घातला की तो नाही म्हणतो. पाइप मोजून आलेत, ज्याचा त्याला. माझ्या हातात काही नाही.

झालं. इथेही तेच. कोणी वाईट नाही, कोणी खोटं बोलत नाही, आणि संध्याकाळी टेकडी उतरायची ती तिच्या पोरानं आणि सुनेनं. तिला आता ओरडायचं होतं, आवाज तर छपराला लागेल असा होता. पण तिनं तो खाली आणला, इतका की मागच्यांना पुढे झुकावं लागलं.

“नको करूस दुरुस्त,” ती फोरमनला म्हणाली. “एकदा खाली वाकून बघ. आणि मग माझ्या भाच्याला तुझ्या तोंडानं सांग, की काचा भर, बायकोला शेजारी बसव आणि टेकडी उतर. एवढं सांग, आम्ही जातो.”

फोरमनला ते करणं भाग नव्हतं. पण इतकी माणसं बघत होती, आणि शिवाय तो कामाचा माणूस होता, गाडी समोर उभी असताना न बघता राहणं त्याला जमेना. तो पाठीवर आडवा होऊन पुढच्या चाकाखाली सरकला. बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याची दोन बोटं ब्रेकच्या तेलानं ओली होती. त्यानं ती भाच्याला दाखवली. ‘जा’ हा एवढासा शब्द, पण तो काही त्याच्या तोंडून फुटेना.

भाच्याची बायको गाडीतून उतरली. ती पुढे आली, तिनं ती दोन बोटं बघितली आणि ट्रकची किल्ली काढून फोरमनच्या खिशात टाकली.

मग फोरमन पोरांवर खेकसला, की बघत काय उभे राहिलात, घ्या आत. वरून साहेबाचा फोन आला तेव्हा तो खाली वाकलेला होता आणि त्याला तो ऐकू आला नाही. जुना पाइप त्यानं आत्याच्या हातात दिला. एका जागी तो कागदासारखा पातळ झाला होता, नखानं दाबला तर दबत होता. आत्यानं तो दाबून बघितला. फोरमननं खुर्ची मागवली. ती बसली नाही. पाइप हातात धरून ती रांगेतून शेवटपर्यंत चालत गेली आणि प्रत्येकाला तो दाखवला. तुमच्या ओळखीत कोणाकडे तोरेल आहे का, असं विचारत.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचं फाटक उघडायच्या सुमाराला ती पुन्हा हजर. या वेळी शेजारी रोपवाटिकावाला, मागे कुंड्यांनी भरलेला त्याचा ट्रक, आणि नाकावर उघड उघड ‘तोरेल’. आज वेषांतर नाही. फोरमननं तिला लांबूनच ओळखलं आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. जवळ येऊन तो अगदी काकुळतीला आला. कालच्या एका पाइपवरून त्याला साहेबाचं बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. मावशी, एकाचं केलं, गावातल्या सगळ्या तोरेल मी कशा दुरुस्त करू, तुम्हीच सांगा, म्हणाला, कशा करू?

आत्यानं रोपवाटिकावाल्याला गाडी पुढे घ्यायची खूण केली.

“सगळ्यांच्या कुठे सांगतेय मी? ह्याची कर. उद्या दुसऱ्याला घेऊन येते.”