फुलं नेणाऱ्याचं नाव

श्रीरामपूरच्या ख्रिस्ती दफनभूमीबाहेर फुलं विकणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. नोटा त्या ओल्या बोटांनीच घ्यायच्या, त्यामुळे परत मिळालेल्या सुट्ट्या नोटांना झेंडूचा वास असायचा. तो अजून आठवतो. आईच्या कबरीवर दर रविवारी माझ्याआधी कुणीतरी निशिगंध ठेवून जायचं.

"कोण येतं, मावशी?" मी विचारायचो.

"फुलं ताजी हायेत ना, सर? मंग झालं की."

यंदा बँकेच्या माणसानं त्यांना डिजिटल रुपया सुरू करून दिला. ही नोटच आहे, फक्त मोबाईलमधली, असं तो म्हणाला. पण या नोटेबरोबर देणाऱ्याचं नाव येतं. गेल्या रविवारी मी पोचलो, तेव्हा मोबाईल फुलांच्या पाटीवर उघडाच होता. सकाळी निशिगंध कुणी नेला, ते त्यात होतं. मी वाकलो. मावशींनी ओला तळहात त्यावर ठेवला.

"नोटंवर नाव हुतं का कुनाचं? मंग हितं बी न्हाई वाचायचं."

पाणी मोबाईलवर ओघळत होतं, तरी त्यांनी हात काढला नाही. ज्या माणसाविषयी आई माझ्याशी आयुष्यात कधी बोलली नाही, त्याचं नाव मी तिथं वाचायला निघालो होतो.